पदराच्या गाठीतल्या गोळ्या

कापूस वेचणीच्या दिवसांत एवढ्या जणी आलात, तर मी डोकेदुखीवरचं हे भाषण लांबवत नाही.

आमच्या ओपीडीत एक मावशी यायच्या. पदराच्या गाठीत पैशांसोबत गोळ्यांची पट्टी. म्हणायच्या, "डाक्टरसाहेब, रोजच डोकं दुखून रायलं. गोळी घेतली का उतरते, सकाळी परत सुरू." मुळात त्यांना अर्धशिशी होती. बहुधा एका बाजूनं ठणकतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो. 4 ते 72 तास चालतं. पुरुषांपेक्षा बायांना तिप्पट. पण अर्धशिशी बहुतेक वेळा अधूनमधून येते, मग ही रोज कशी? रोजची डोकेदुखी गोळीनं आणली होती.

खरं वाटत नाही ना? साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, आणि कॅफिन घातलेली मिश्र गोळी 10 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं, की डोक्याला तिची सवय लागते. असर उतरला की डोकं पुन्हा गोळी मागतं. किराणा दुकानात बिस्किटाशेजारी मिळणारी गोळी म्हणून ती निरुपद्रवी, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो.

मावशींना मी औषध नंतर दिलं, आधी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. डोकं दुखलं की फुली, गोळी घेतली की गोल. महिन्याभरात 22 गोल निघाले! मग गोळ्या बंद केल्या. पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढलं, त्या माझ्यावर रागावल्याही. पुढे फुल्या कमी झाल्या. अर्धशिशी वरचेवर येत असेल तर ती येऊच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरच ठरवतील, कारण त्यातलं एखादं दमेकऱ्याला चालत नाही. अधूनमधून येत असेल तर दुखणं सुरू होताच गोळी घ्या, अंधारात पडा. मात्र आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

त्या फुल्यांत आणखी एक गोष्ट दिसली: उपासाच्या दिवशी हमखास फुली. उपाशीपोटी, कमी पाण्यावर, 45 अंशांच्या उन्हात दिवस काढला तर डोकं बोलणारच. नेहमीचा चहा एकदम तोडला तरी दुखतं.

फवारणीनंतर डोकं दुखलं, तर मात्र गोळी घेऊन झोपू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोबत अंधुक दिसलं, लाळ-घाम सुटला, उलटी झाली, तर कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन लगेच दवाखाना गाठा.

असंच लगेच निघायचं, जर क्षणात आजवरचं सगळ्यात जोरदार दुखणं उठलं. तापासोबत मान आखडली. हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली. गरोदर बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले. किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवं दुखणं सुरू झालं.

मागून कोणीतरी विचारतंय, "बाम लावू का?" लावा की, त्यात गोल काढायची गरज नाही.