वाटीएवढा खळगा

[दृश्य: शेताचं लोखंडी फाटक. मागे ओलं गवत, मेंढ्या.]

फाटक उघडून आत आलात की आधी ते मागून लावा. इथे येणाऱ्याने एवढं पाळलं की झालं. बाकी तिकीट नाही, रांग नाही. मेंढ्या मान वर करून एकदा बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. त्यांच्याच पलीकडे, गवतात, पाच दगड उभे आहेत.

हे नेदर लार्गी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे अर्गाइल नावाचा भाग आहे, त्यातलं हे किलमार्टिनचं खोरं. गाव मागे राहिलं, पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर. या एवढ्याशा खोऱ्यात शिळावर्तुळं आहेत, दगडांच्या राशींखालची दफनं आहेत, कातळावरची कोरीव कामं आहेत. एका दिवसात सगळं बघायचं ठरवलंत तर काहीच नीट बघून होणार नाही. म्हणून आम्ही आज इथेच थांबलोय.

[दृश्य: पाचही दगड, लांबून.]

दोन टोकांना दोन-दोन दगडांची जोडी, मध्ये एक एकटा. उंच माणसाने हात वर केला तरी टोक हाताला लागत नाही. जाडी मात्र फार नाही. बाजूने पाहिलं तर जमिनीत रोवलेली फरशीच वाटते. उभे करून तीन हजारांहून जास्त वर्षं झाली.

अलेक्झांडर थॉम नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने विसाव्या शतकात अशी शेकडो ठिकाणं मोजून काढली. त्याचं म्हणणं असं, की हे दगड चंद्र बघण्यासाठी लावलेत. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा क्षितिजावर सरकत राहतात, आणि तो फेरा पुरा व्हायला १८.६ वर्षं लागतात. दगडांच्या ओळी त्या टोकाच्या जागांकडे रोखलेल्या आहेत, असं त्याचं गणित. सगळ्या पुरातत्त्वज्ञांना हे पटलेलं नाही. मला विचाराल तर ‘वेधशाळा’ हा शब्द जरा जड होतो. पण एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम तीन-चार वेळा दिसेल अशी गोष्ट कुणी लक्षात ठेवली असेल, तर पोरांना दाखवायला खूण म्हणून दगड रोवावासा वाटणारच.

[दृश्य: मधला दगड, अगदी जवळून.]

आता जवळ या. आधी दिसतं ते दगडफूल. तेच, आपल्या गोडा मसाल्यातलं. निदान त्याच कुळातलं. इथे ते करड्या-हिरव्या दाढीसारखं दगडाला लोंबतंय. कडेला मेंढीची लोकर अडकलीय. अंग खाजवायला यापेक्षा बरा खांब या शेतात दुसरा नाही.

आणि दगडफुलाच्या खाली, हे खळगे. चटणीच्या वाटीएवढे, गोल, उथळ. काहींच्या भोवती कडंही कोरलंय. दुपारच्या उजेडात हात ठेवूनसुद्धा पटत नाही की इथे काही आहे. ऊन कललं, किंवा बॅटरी बाजूने तिरकी धरली, की प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि अख्खा दगड देवीचे व्रण असल्यासारखा दिसायला लागतो. तिरक्या उजेडाला हसू नका. जवळच्याच डनक्रेगेग इथल्या एका थडग्याच्या छताच्या शिळेवर हरणं कोरलेली आहेत. ती कुणाच्या लक्षात आली, तर दिवस मावळताना बॅटरी घेऊन आत शिरलेल्या एका माणसाच्या. ही बातमी २०२१ सालची!

खळगे कोरायला धातू लागत नाही. गारगोटीसारखा कठीण दगड घ्यायचा आणि एकाच जागी ठोकत राहायचं. ठक, ठक, ठक.

[दृश्य: बोट खळग्याच्या कडेने फिरतं.]

मी नागपूरचा. हा खळगा मी आधी पाहिलाय. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जुनापाणी लागतं. तिथे माळावर शेकडो शिळावर्तुळं आहेत, आणि त्यांतल्या काही दगडांवर असेच खळगे आहेत, ओळीने. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ साली तिथे खोदकाम केलं. त्याच वर्षी इकडे जेम्स यंग सिम्पसन या स्कॉटिश डॉक्टरचं अशाच खळग्यांवरचं पुस्तक आलं. बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारा तोच हा सिम्पसन. रिव्हेट-कार्नॅकने पुढे दोन्हीकडच्या खुणा ताडून पाहिल्या आणि त्या एकाच घराण्याच्या असाव्यात असं त्याला वाटलं. तेव्हा असं वाटणाऱ्यांची कमी नव्हती. आज तसं कुणी मानत नाही. जुनापाणीची वर्तुळं लोखंड वापरणाऱ्यांची. इथले खळगे लोखंडाचं नावही नव्हतं तेव्हाचे. आणि दगडावर दगड ठोकला तर खळगा गोलच पडणार, त्याला नातं लागत नाही.

तरीही एक नातं आहे, वेगळं. स्कॉटलंडच्या डन्स गावचा स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून नागपूरला आला. ज्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे, तोच. दगड, जीवाश्म, शिळावर्तुळं, सगळ्याचा त्याला नाद. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं बघायला गेला होता. परतताना वाटेत एक शाळा तपासायला मागे थांबला, मग अंधारात एकटाच निघाला. नाल्याला पूर आला होता. त्यात तो बुडाला.

[दृश्य: भुरभुर पाऊस. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी.]

पाऊस आला. इथे तो विचारून येत नाही, आणि लगेच जातही नाही. मेंढ्या दगडांच्या आडोशाला सरकल्यात; आम्हाला तिथे जागा उरलेली नाही. खळग्यांत पाणी ठरत नाही, दगड उभा आहे ना, एका वाटीतून खालच्या वाटीत ओघळत जातं.

थोडा वेळ तेच चित्रित केलं. मग फाटक लावून घेतलं.