वावरावरून गेलेली डाक

श्रोते हो, नमस्कार. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाविषयी चार शब्द सांगा, असं मला सांगितलं आहे. आता तिथे काचेची दारं आहेत, थंड हवा आहे, आणि २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. चहाचा भाव विचारू नका, तेवढ्यात आपल्याकडे अख्ख्या घराचा चहा होतो. पण मी बोलणार आहे ते तिथल्या बंद पडलेल्या एका गोष्टीबद्दल. रात्रीच्या डाकेबद्दल.

जरा कान देऊन ऐका. रोज रात्री चार विमानं निघायची. एक मुंबईहून, एक दिल्लीहून, एक कलकत्त्याहून, एक मद्रासहून. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरायची. पोती खाली निघायची, आपसात बदलायची, आणि विमानं आल्या वाटेनं परत. पुन्हा सांगतो. मुंबईचं विमान दिल्लीला जायचंच नाही. ते नागपूरला यायचं, दिल्लीची डाक उचलायचं आणि उजाडेपर्यंत मुंबईला परत. चार गावच्या बंड्या चौरस्त्यावरच्या वडाखाली भेटाव्यात, गाठोडी अदलाबदल करावीत आणि आपापल्या घरी जावं, तसं. माणसंही अशीच विमान बदलायची.

हे सुरू झालं जानेवारी १९४९ मध्ये. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवाई. त्याच वर्षी एप्रिलपासून हवाई टपालाचं जादा तिकीट न लावताही पत्र विमानानं जाऊ लागलं. आधी खासगी कंपन्या होत्या, १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं आणि इंडियन एअरलाइन्स आली. विमानं डकोटा, दोन पंख्यांची. पुढे चार पंख्यांची स्कायमास्टर. नागपूरच का, तर आपण देशाच्या मधोमध. मधोमध असण्याचा फायदा येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच होतो, राहणाऱ्यांना नाही, हे आपलं माझं मत. आमच्या गावाला आजही एकच एसटी आहे.

१९५३ लाच सोनेगावला नवी इमारत झाली. उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल, आणि बघ्यांसाठी गॅलरी. गॅलरी लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे. १९७३ ला ही सेवा थांबली. तोवर दिवसा जेट विमानं धावू लागली होती.

आता आमचे आबाजी, म्हणजे आजोबा.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीपासून कोसभर. मद्रासचं विमान बरोबर आमच्या वावरावरून जायचं. आबाजी हरभऱ्याच्या जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला असायचे, रानडुकरांसाठी. घड्याळ नव्हतं. ‘येतं विमान’ गेलं की उठून धुऱ्यानं एक चक्कर मारायची. ‘जातं विमान’ गेलं की घरी येऊन आजीला उठवायचं. १९५३ च्या डिसेंबरात एका रात्री येतं विमान गेलं, जातं आलंच नाही. आजी उशिरा उठली. मागाहून कळलं, मद्रासला निघालेला डकोटा उडाल्याबरोबर सोनेगावजवळ पडला होता. तेरा माणसं गेली. (जागल अजून आहे हो आमच्याकडे. विमान गेलं, पण शेतीची लाईट रात्रीच येते, म्हणून माणूस रात्रीच वावरात. असो.)

माझे काका मद्रासला फौजेत होते. महिन्याला एक पत्र. ते पत्र रात्री विमानानं आमच्या डोक्यावरून नागपूरला जायचं. तिथून रेल्वेनं हिंगणघाट, हिंगणघाटहून मोटारीनं गिरड, गिरडहून पोस्टमन पायी. तीन दिवस. हे आबाजींना कोणीतरी समजावून सांगितलं आणि त्यांची झोप उडाली.

“माह्याच वावरावरून जाते, आन मलेच तीन दिवसानं भेटते?”

१९६४ च्या हिवाळ्यात मिरचीची पोती विकायला ते मला घेऊन निघाले. मी नऊ वर्षांचा. उमरेडपर्यंत बंडी, पुढे नागपूरपर्यंत छोटी रेल्वेगाडी. मिरची विकली, आणि घरी यायच्या ऐवजी सायकलरिक्षा केली, थेट सोनेगाव. हातात कंदील. मी विचारलं, कंदील कायले? म्हणाले, “दाखवाले.”

गॅलरीत आम्ही घोंगडी पांघरून बसलो. आधी अंधारात एक लुकलुकणारा ठिपका, मग आवाज, मग अख्खं विमान. एक, दोन, तीन, चार. कोट घातलेली माणसं डोळे चोळत उतरली आणि उपाहारगृहाकडे गेली. इकडे हमालांची पळापळ. जाड कापडाची पोती, तोंडाला सुतळी, सुतळीला मोहोर. आबाजी पोती मोजत होते, बाजारात मोजतात तशी, दोन-दोन करून.

मग ते खाली उतरले आणि डाकेच्या एका बाबूसमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, मद्रासच्या विमानवाल्याले एक सांगाचं होतं.”

“बोला, बाबाजी.”

“गिरडच्या टेकडीजवळ माहं वावर हाये. मी रोज हा कंदील लावतो. आमच्या गावची डाक तेवढी तिथंच टाकून देत जा म्हणा.”

मला वाटलं, आता हाकलतात. पण बाबू हसला नाही. त्यानं विचारलं, “गावाला पत्रं किती येतात?”

“महिन्याचं एक.”

“आणि बाकीच्यांची?”

“बाकीच्यायचा बाहेर हाये कोन?”

बाबूनं पेन्सिल कानावर ठेवली. “बाबाजी, विमान सात-आठ हजार फुटांवरून जातं. तुमच्या वावरावर सोडलेलं पोतं उमरेडात जाऊन पडेल.”

आबाजींनी नीट विचार केला. “मंग जरा आंधी सोडा म्हणा.”

आता मात्र बाबू हसला. त्यानं चहा मागवला. आबाजींनी तो बशीत ओतून, फुंकून प्यायला. मग बाबूनं त्यांना मद्रासच्या पोत्यांच्या ढिगाजवळ नेलं आणि म्हणाला, हात लावून बघा. आबाजींनी हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मीही ठेवला. पोतं गार होतं, पहाटेच्या विहिरीच्या काठासारखं गार. बाबू म्हणाला, वर फार थंडी असते. आबाजी बराच वेळ तिथंच उभे राहिले. “पोट्ट्याचं पत्र यात असन काय?” त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी आलो. आबाजी दोन दिवस ओसरीवरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन आला, घामानं ओला. काकाचं पत्र होतं. आबाजींनी ते फोडलं नाही. आधी गालाला लावलं.

“हे तं गरम झालं रे.”

“उन्हात चालत आलो ना, आबाजी,” पोस्टमन म्हणाला. “पानी द्या जरा.”