लक्ष वाती

[दृश्य: हात, कापूस, पितळी ताटली]

कापूस आधी पिंजून सैल करायचा. सरकीचा कण आत राहिला तर वात तडतडते. मग चिमटीनं ओढायचा, बोटाला राख लावायची आणि तळहातावर वळायचं. वात चार बोटं लांब. फुलवातीची तऱ्हा वेगळी. कापसाची चकती करायची, तिच्या मधोमध टोक काढायचं आणि ते ताठ राहावं म्हणून दुधाचं बोट लावायचं.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या या सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, वाती वळणाऱ्या बायकांत सत्तरीच्या आतलं कुणी नाही. संकल्प आहे लक्ष वातींचा. रोज ३०० वळल्या तरी लाखाला अकरा महिने लागतात, म्हणून एक कार्तिक संपला की लगेच पुढच्या कार्तिकाची तयारी सुरू. शंभराची जुडी झाली की वाटीत एक चिंचोका पडतो. एका वातीला एक नाम. तोंडानं गप्पाही चालूच असतात. सुनेचा विषय निघाला की वात जरा जास्तच घट्ट वळली जाते.

देवीकडं मागता तरी काय, असं विचारलं. अंगठ्याचा सांधा सुजलेल्या आजी वर न बघता म्हणाल्या, "काय मागतोय बाळा? हातपाय चालत्यात तवरच ने म्हणतो. हातरुणाला खिळवू नको म्हणतो."

[दृश्य: महाद्वार रोड, पहाट, फुलांच्या पाट्या, वेण्या]

कार्तिकात अंबाबाईच्या देवळात पहाटेच्या काकड्याला यांची रांग असते. एकीच्या हातात काठी, दुसरीच्या खांद्यावर तिसरीचा हात. महाद्वाराच्या उंबऱ्याशी थांबतात, चप्पल काढतात, दम घेतात. उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला. वाकणं आता गुडघ्यांना जमत नाही.

अंबाबाईच्या देवळाचं तोंड पश्चिमेला. म्हणून तर किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांना स्पर्श, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण हा झाला हिशेब. ढग आले, हवेत धूळ-बाष्प जास्त असलं किंवा वाटेत एखादी उंच इमारत आडवी आली, की किरणं गुडघ्यावरच थांबतात.

[दृश्य: दिवे मालवलेले, बायकांचे चेहरे, हात जोडलेले]

चार पावलं चालल्या की बसणाऱ्या या बायका किरणोत्सवाला इथं तासभर उभ्या असतात. गाभाऱ्यात आपला कॅमेरा जात नाही, म्हणून हे चेहरेच बघा.

म्हातारपणी देवदेव करण्याला आपण वेळ घालवणं म्हणतो. हा वेळ घालवणं असेल, तर ऑफिसात आपण दिवसभर काय करतो तेही एकदा तपासायला हवं. २००१ साली इटालियन डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणायला लावले. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लख झाली. सोप्यातल्या आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय, बीपीची गोळी हाय की चालू." आता दुसरी बाजू. २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरच्या अभ्यासात परक्यांनी केलेल्या प्रार्थनेचा काही फायदा दिसला नाही. ठीक आहे. या बायका बसतात त्या सोप्यात परकं कुणी नसतं.

[दृश्य: महाद्वाराची कमान, वर शिखर]

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं मंदिर बंद झालं. मधे काही महिने उघडलं, पुन्हा बंद झालं, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, उघडलं. त्या काळात काही जणी बंद दारासमोर रस्त्यावरूनच कळसाला हात जोडून परत फिरायच्या. वातींचं काम मात्र चालू राहिलं, आपापल्या घरात. चिंचोक्यांचा हिशेब फोनवर.

सोप्यातल्या दोन जागा यंदा रिकाम्या आहेत. एक आक्का मुलाकडं पुण्याला गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात वारल्या.

[दृश्य: पंचगंगा घाट, त्रिपुरी पौर्णिमेची पहाट, पणत्यांच्या रांगा]

वर्षभराचं काम इथं जळतं. आदल्या दिवशी वाती तुपात भिजत घातलेल्या असतात. त्रिपुरवात साडेसातशे वातींची, मुठीएवढी जाड. ती चटकन पेटत नाही, पण एकदा पेटली की वारा तिला विझवू शकत नाही. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. तालमीची पोरं दोन्ही बाजूंनी उभी राहून एकेका आजीला हाताला धरून उतरवतात. "ए आजे, सावकाश." आजी म्हणतात, "तू सावकाश. ह्या पायऱ्या तुझ्या बाच्या आदी बघितल्यात मी." पोरगं हसतं, हात काही सोडत नाही.

पूर्वेला तांबडं फुटतं तशा पणत्या फिक्या पडत जातात. गंगावेशीतल्या चहाच्या टपरीवर सगळ्या जणी दाटीनं बसतात, चहा बशीत ओततात. काठ्या भिंतीला टेकवलेल्या. बोलणं मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर आलेलं आहे. घट मांडायचा कुणाच्या घरी, सवाष्णी किती बोलवायच्या आणि पाच फळं कुठली घ्यायची.

"गेल्या साली केळ्याचा भाव काय लावलावता त्येनं!"

"मग शिंगोशी मार्केटातनं आणायची."

"आणि उचलणार कोण? तू?"

"मी उचलतो. त्यात काय हाय."