नदीचा हिशेब लोकांसमोर मांडा

श्रोतेहो, नमस्कार.

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना हमखास विचारतात, "मारुतीच्या कुठवर आलं?" नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला की गळ्याला, एवढं कळलं की पुढचं ज्याचं त्याला उमगतं. आता त्याच्या जोडीला मोबाईलवर निरोप येतो, गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. आकडा अचूक असतो, पण भांडी बाजारातल्या दुकानदाराने माल वरच्या फळीवर हलवायचा की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय धरणाच्या खाली, शहरात कोसळणारा पाऊस त्या आकड्यात नसतोच.

2008च्या महापुरानंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथेच मोठी गफलत होते. "25 वर्षांतून एकदा" ऐकलं की वाटतं, एकदा येऊन गेला, आता निश्चिंत. खरा अर्थ वेगळा आहे. तसा पूर येण्याची शक्यता दर वर्षी 4 टक्के असते, मागच्या वर्षी तो आला असला तरीही. 20 वर्षांच्या कर्जावर निळ्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी दारात पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, जवळपास 56 टक्के. घर घेणाऱ्याला हे कुणी सांगतं का?

सांगणारी माणसं लांब नाहीत. राज्यभरातल्या धरणांचा अभ्यास करणारी 'मेरी' ही संस्था आपल्याच दिंडोरी रोडवर आहे. तरीही पूररेषेचा विषय निघाला की अधिकारी म्हणतात, शास्त्रीय अभ्यास झालाय. आणि लोक कुजबुजतात, कुणासाठी तरी रेषा सरकवली. मला दोष लोकांचा वाटत नाही. हिशेब बंद फायलीत राहिला की संशय वाढणारच. पूर्वी शास्त्र सांगायचं, सरकार राबवायचं, आपण मान डोलवायचो. आज लोक पुरावा मागतात, आणि मला ते मनापासून आवडतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. किती विसर्ग धरला, कोणत्या वर्षांचा पाऊस घेतला, हे मराठीत, वॉर्डावॉर्डात मांडा. लोकांचे प्रश्न ऐका. जुन्या वाड्यांतल्या माणसांना विचारा, कोणत्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. तीही नोंदच आहे. आणि निळी रेषा नकाशावरून उतरवून सराफ बाजाराच्या भिंतींवर रंगवा, येत्या पावसाळ्याच्या आत.