साठ मिनिटांचं एकच गाणं

मंडळी, मेटल संगीत म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी संताप येतो. किंचाळणारा गायक, बेफाम वेग, कान किटवणारी गिटार. आज ज्या अल्बमबद्दल बोलायचंय त्यात गिटारी जड आहेत, पण संताप जवळजवळ नाही. आहे तो शोक, आणि त्या शोकाला अगदी खेटून उभा असलेला आनंद. नॉर्वेच्या ग्रीन कार्नेशन या बँडचा हा अल्बम, 'लाइट ऑफ डे, डे ऑफ डार्कनेस'. साल २००१. अख्ख्या अल्बमभर एकच गाणं आहे आणि ते साठ मिनिटं चालतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्रिस्टियानसांड या शहरात १९९० साली हा बँड सुरू झाला आणि लवकरच थांबला. त्यातला चोर्ट या टोपणनावाने ओळखला जाणारा वादक एम्परर या ब्लॅक मेटल बँडमध्ये बास वाजवायला गेला. एम्पररच्या १९९४ च्या 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' या अल्बमवर बास त्याचाच आहे. उरलेल्या साथीदारांनी 'इन द वुड्स' नावाचा वेगळा बँड काढला. पुढे काही वर्षांनी ग्रीन कार्नेशन पुन्हा उभा राहिला, तो चोर्टच्या मुलीच्या मृत्यूनंतर. २००० साली आलेला पहिला अल्बम त्याने तिच्या स्मृतीला वाहिला. मग मुलगा झाला, आणि त्या जन्मातून हा दुसरा अल्बम आला.

आता कुणालाही सुचेल अशी मांडणी म्हणजे पहिला अर्धा तास अंधार, दुसरा अर्धा तास उजेड. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, गोष्ट पुरी होते. चोर्टने ते केलं नाही आणि या अल्बमचं सगळं सामर्थ्य मला तिथे दिसतं. एक मूल गेल्यावर दुसरं आलं म्हणून पहिल्याचा हिशेब मिटत नाही. नवा जीव हातात घेतला की गेलेला जीव आणखी जवळ येतो, आणि हाही जाईल की काय ही भीती त्या आनंदाच्या पोटातच असते. हे सगळं एकाच वेळी चालू असतं. पाच मिनिटांच्या गाण्याला यातली एक बाजू निवडावीच लागते; दोन कडवी आणि धृपद एवढ्या जागेत दोन्ही भावना एकमेकींना छेदून जायला वावच मिळत नाही. तास हवा तो त्यासाठी. मोठ्या ख्यालाची सवय असलेल्या कानांना हे पटवून द्यावं लागणार नाही. एकच गोष्ट तासभर ऐकत राहिलं की ती तीच राहत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

हे घडतं कसं, ते जरा जवळून पाहू. डूम मेटल या मेटलच्या उपप्रकारात गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावतात, लय संथ ठेवतात आणि रिफ, म्हणजे चार-आठ मात्रांची एखादी ठाशीव सुरावट, पुन्हा पुन्हा वाजवतात. इथे तेच होतं. पण दरवेळी त्या रिफवर काहीतरी वेगळं येऊन बसतं. कधी एकटा आवाज, कधी दुसऱ्या गिटारची लांबवलेली धून, कधी कोरस. लहान मुलांचाही कोरस आहे. जड, काळ्याकुट्ट गिटारींवर लहान मुलांचे आवाज आले की छातीत काय होतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे. गिटार आपलं काम करतेच आहे, मुलं गात आहेत, आणि आपण या क्षणी दुःखी आहोत की सुखी हे ठरवता येत नाही. सतारही ऐकू येते. मला मात्र ती तितकीशी लागत नाही. थोडी सजावटीसारखी येते आणि जाते.

शेतिल नोर्डहुस बहुतांश गाणं साध्या, स्वच्छ आवाजात गातो. ही निवड फार मोलाची आहे. गुरगुरणाऱ्या आवाजात ताकद असते, पण त्यामागे माणूस लपू शकतो. नोर्डहुसला लपायला जागा नाही. तो हरकती घेत नाही, सूर धरतो आणि पुढे जातो. इतक्या मोठ्या दुःखाबद्दल कुणी इतकं सरळ गायलं की ऐकणाराही सावरून बसतो.

आणि मग तो मधला भाग. अर्धं गाणं उलटून गेल्यावर जड गिटारी बाजूला होतात. उरतो एका स्त्रीचा शब्दाविना आवाज, आणि त्याच्याशी बोलणारा सॅक्सोफोन. या भागावरून या अल्बमच्या चाहत्यांमध्येच दोन तट आहेत. अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो, काही जण तो पुढे ढकलतात. मी त्याच्या बाजूने ठामपणे उभा आहे. तिथपर्यंत गाण्याने खूप काही सांगितलेलं असतं, शब्द वापरून संपलेले असतात. तो आवाज वर चढतो, ओढला जातो, पुन्हा खाली येतो, आणि समेवर येईल असं वाटतं तिथे येत नाही. तो भाग लांबतो, हे खरं आहे. पण दुःखात वेळ लांबतोच. त्या मिनिटांमधून गेल्यावर गिटारी परत येतात तेव्हा त्या अंगावर येत नाहीत, पायाखाली येतात. मधला भाग वगळून मी उत्तरार्ध ऐकून पाहिला आहे. चांगलं मेटल वाटतं, पण गळा दाटून येत नाही.

उणिवा आहेत. काही सांधे उघडे पडतात, एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे जरा जास्तच स्पष्ट कळतं. पण मला त्या सांध्यांपेक्षा न तुटण्याचा हट्ट मोठा वाटतो. व्हायनल रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. तिथे हे गाणं कापावंच लागतं. सीडीवर ७४ मिनिटं मावायची, म्हणून ते सलग होऊ शकलं. आज फोनवर ऐकताना 'पुढचं गाणं' दाबलं तर पुढे काहीच नाही, अल्बमच संपतो.

खिन्न संगीत ऐकून बरं का वाटतं, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं की खऱ्या शोकात माणसाला शोक करायला मिळतच नाही. फोन घ्यायचे असतात, कागदपत्रं असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं असतं, दुसऱ्यांना धीर द्यायचा असतो. संगीत आपल्याकडून काही मागत नाही. राहून गेलेलं रडणं तिथे करता येतं. या अल्बमचं वेगळेपण एवढंच की तो त्यासाठी पुरेसा वेळ देतो आणि मध्येच 'आता पुरे' म्हणत नाही.

पुढे २००३ मध्ये ग्रीन कार्नेशनने 'अ ब्लेसिंग इन डिस्गाइज' काढला, नेहमीच्या लांबीच्या गाण्यांचा. काहींची निराशा झाली. मला ते योग्य वाटतं. असं गाणं ठरवून दुसऱ्यांदा करता येत नाही.

बोलताना मी मुद्दाम एकही तुकडा वाजवून दाखवला नाही, कारण तुकड्यात हे गाणं कळत नाही. ज्यांना निघायचंय त्यांनी आता निघायला हरकत नाही. ज्यांच्याकडे तासभर आहे त्यांनी बसा. मी ते पहिल्यापासून लावतो.