विमा लुइझियानात, लवाद न्यूयॉर्कमध्ये: असं का होतं?

नमस्कार. समजा, तुमची इमारत अमेरिकेत लुइझियानात आहे. चक्रीवादळात छप्पर उडालं, विम्याचे पैसे अर्धेमुर्धेच मिळाले, म्हणून तुम्ही कोर्टात गेलात. तिथे समोरचा वकील पॉलिसीतलं एक कलम वाचून दाखवतो: वाद लवादापुढेच जाईल, लवाद न्यूयॉर्कमध्ये बसेल आणि कायदाही न्यूयॉर्कचाच लागेल.

खरं तर लुइझियानाचा विमा कायदा, कलम २२:८६८, राज्यातल्या कोर्टांचा अधिकार हिरावणाऱ्या अटींना मनाई करतो. त्याच्या पाठीशी १९४५चा मॅकॅरन-फर्ग्युसन कायदाही आहे. विम्याचं नियमन राज्यांकडे. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सर्वसाधारण कायदा त्यात आडवा येऊ शकत नाही. विमा कंपनी अमेरिकन असेल तर लवादाचं कलम इथेच अडतं.

पण तुमच्या पॉलिसीत लॉइड्स ऑफ लंडन या ब्रिटिश विमा बाजारातले अंडररायटर (जोखीम घेणारे विमाकर्ते) असले, तर १९५८चा न्यूयॉर्क करार लागू होतो. लवादाच्या अटी देशोदेशीच्या कोर्टांनी मानाव्यात, यासाठीचा हा आंतरराष्ट्रीय करार. अमेरिका त्यात १९७० साली सामील झाली.

आता सगळी लढाई एका प्रश्नावर येते: आंतरराष्ट्रीय करार म्हणजे 'काँग्रेसचा कायदा' का? १९९५ साली न्यूयॉर्कच्या सेकंड सर्किटने (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालय) म्हटलं, हा करार स्वतःहून लागू होत नाही, त्याला काँग्रेसचा कायदा लागतो. म्हणजे राज्याचा विमा कायदा वरचढ. लुइझियाना ज्याच्या हद्दीत येतं त्या फिफ्थ सर्किटने २००९ मध्ये हे नाकारलं: कायद्यातून अंमलात आला म्हणून करार काही काँग्रेसचा कायदा होत नाही. २०२१ मध्ये नाइन्थ सर्किटने कराराचं दुसरं कलम शब्दशः वाचलं. तिथे कोर्टाला 'पाठवता येईल' अशी मुभा नाही, पक्षकारांना लवादाकडे 'पाठवावंच' अशी आज्ञा आहे. सुटका फक्त लवादाची अट रद्दबातल, निष्प्रभ किंवा अंमलात आणणं अशक्य असेल तरच. अखेर मे २०२५ मध्ये सेकंड सर्किटनेही आपला जुना निकाल सोडला.

मला ही भूमिका कायद्याला धरून वाटते. पण ज्याच्या घरावर ताडपत्री आहे, त्याला न्यूयॉर्कला जाऊन भांडायला लावणं मला पटत नाही, आणि पुढची गोष्ट तर त्याहून अवघड आहे.

एकाच पॉलिसीत देशी-परदेशी अनेक कंपन्या जोखीम वाटून घेतात. त्यातल्या परदेशी कंपन्यांवरचा दावा काही मालकांनी कायमचा सोडून दिला. तरीही उरलेल्या अमेरिकन कंपन्या म्हणाल्या, पॉलिसीचा मजकूर एक, आरोप एक, मग आम्हालाही लवादाकडेच पाठवा. २०२४च्या मार्चमध्ये फिफ्थ सर्किटने ते मान्य केलं. ऑक्टोबरमध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट सांगितलं की राज्याच्या कायद्यानुसार अशी पळवाट काढता येणार नाही.

म्हणून पॉलिसी हातात आली की हप्त्याच्या आकड्याआधी, कोणती कंपनी किती टक्के जोखीम घेते याची यादी असलेलं पान उघडा. त्यात एखादं परदेशी नाव दिसलं, तर सही करण्याआधी ब्रोकरला विचारा: वाद झाला तर मी कुठे जायचं?