वेडा, मेंटल आणि ‘तसं’

(ठाण्यातील एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आपण ठाणेकर, त्यामुळे एक विनोद आपल्याला नवा नाही. मुंबईत कुणाला सांगितलं, ‘मी ठाण्याला असते’, की समोरचा विचारतो, ‘हॉस्पिटलच्या आत की बाहेर?’ पुण्यात हाच मान येरवड्याला. तिथे तुरुंगही आहे, त्यामुळे येरवडेकरांना दोन्हीकडून खुलासा करत बसावं लागतं! महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. पिढ्यान् पिढ्या तिथे माणसं बरी होऊन घरी गेली. पण गावाचं नाव मात्र टोमण्यात अडकलं ते अडकलंच.

आजचा विषय असा की, वेडाबद्दलचे आपले रोजचे शब्द मानसिक आजार असलेल्यांचा अपमान करतात का? याचं एका दमात ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणाऱ्यांचा मला जरा संशय येतो.

‘वेड’ हा शब्दच घ्या. आपल्याकडे क्रिकेटचं वेड असतं, नाटकाचं असतं, पंढरीचं असतं. आई लेकराला वेडोबा म्हणते ते लाडाने. तारेवर बसून माश्या टिपणाऱ्या त्या हिरव्यागार पक्ष्याला आपण वेडा राघू म्हणतो. आणि वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस तर बेरकीच असतो. मी मानसिक आजारांच्या स्वमदत गटात काम करते. आमच्याकडे आजार असलेल्याला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. या शुभार्थींपैकी कुणी मला सांगितलेलं नाही की क्रिकेटवेडा हा शब्द बंद करा. उलट आपसात ते एकमेकांना सर्रास वेडा म्हणतात आणि खळखळून हसतात. मी तसं म्हटलेलं त्यांना चालेल का? काहींना चालेल, काहींना मुळीच नाही. तो त्यांचा अधिकार.

मग बोचतं काय? गटात वारंवार निघणारी तक्रार वेगळीच आहे. शुभार्थी घरात म्हणतो, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. उत्तर मिळतं, ‘गोळी घेतलीस का?’ तो म्हणतो, धाकट्याने माझ्या पैशाचा हिशेब दिला नाही. उत्तर तेच. रागावला तर आजार बळावला, गप्प बसला तरी आजार बळावला. या प्रश्नात एकही अपशब्द नाही, विचारणाऱ्याच्या पोटात मायाच असते. पण त्या मायेच्या प्रश्नाने माणसाची साक्ष बाद होते. तो जे सांगतोय ते खरं असू शकतं, ही शक्यताच संपते. मला विचाराल तर अपमान इथे आहे. ‘वेडा’ हा शब्दही लागतो तो याच ठिकाणी, जेव्हा तो समोरच्याचं म्हणणं निकालात काढायला वापरला जातो. ‘सोड रे, ती वेडी आहे’ हे वाक्य बायकांबद्दल किती वेळा आणि कशासाठी उच्चारलं जातं, ते इथल्या बायकांना मी सांगायला नको.

काही जण म्हणतात, शब्द बदला म्हणजे झालं. बदलून पाहिलेत की! इंग्रजांनी १८५८मध्ये कायदा केला तो ‘लुनॅटिक असायलम’ या नावाने. पुढे १९२०च्या दशकात त्या संस्थांना ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हणू लागले. तेव्हा तो सभ्य, वैद्यकीय, सुधारलेला शब्द होता. आज शाळेच्या मधल्या सुट्टीत ‘ए मेंटल’ ही शिवी आहे. ‘मनोरुग्ण’ हा शब्दही त्याच वाटेने निघाला आहे. ‘दिव्यांग’ शब्दाचं तसंच. २०१५च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी तो सुचवला, सरकारी पाट्या बदलल्या. पण अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी तेव्हाच सांगितलं की आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला जिना टाळून वर जायची सोय हवी आहे. इतरांना तोच शब्द आवडला. कुंपण तसंच राहिलं तर नवा शब्दही थोड्या वर्षांत जुन्यासारखाच वास मारू लागतो.

म्हणून सगळेच शब्द सारखे, असं मात्र मी म्हणणार नाही. एक शब्द मला खरोखर नको आहे, तो म्हणजे वर्तमानपत्रातला ‘माथेफिरू’. रात्री दुचाक्या जळाल्या की माथेफिरू, एकतर्फी प्रेमातून हल्ला झाला की माथेफिरू. २०१२च्या जानेवारीत स्वारगेट आगारातून एका चालकाने एसटी बस पळवली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ९ जणांचा जीव घेतला. बातम्यांमध्ये तो त्याच दिवसापासून माथेफिरू होता. पुढे खटला चालला, बचाव पक्षाने वेडाचा मुद्दा मांडला, तो न्यायालयात टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये फाशीची जन्मठेप केली, पण दोषी तो ठरलाच. निदान डॉक्टरांनी करायचं, जबाबदारी न्यायालयाने ठरवायची, आणि इथे उपसंपादकाने रात्री अकराला दोन्ही उरकून टाकलं. त्या मथळ्याची किंमत कोण भरतं? भाड्याने घर शोधणारा, कुणाच्या केसालाही धक्का न लावलेला शुभार्थी.

उलट टोकाची एक नवी सवय आहे. कपाट नीट लावलं की ‘मला ओसीडी आहे’ (ओसीडी म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याचा आजार). मालिका संपली की ‘डिप्रेशन आलं’. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, म्हणून हवामान ‘बायपोलर’, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी आणणाऱ्या आजाराचं नाव. यात द्वेष नाही, फक्त उधळपट्टी आहे. हात धुऊन धुऊन ज्याची कातडी सोलवटली आहे, त्याने ओसीडी म्हटल्यावर ऐकणारा हसून म्हणतो, ‘अरे, मलाही आहे!’ आता त्याने दुसरा कुठला शब्द आणायचा?

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्यातल्या कलम ९२ नुसार, पाणउतारा करण्याच्या हेतूने चारचौघांत अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. हेतू महत्त्वाचा. विनोदाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४च्या निकालात फरक केला आहे: अपंगांना खाली पाडणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाबद्दलच्या आपल्या समजुतींना धक्का देणारा विनोद वेगळा. हे मला पटतं. आमच्या गटातले विनोद तुम्ही ऐकले तर गार पडाल.

आता ज्या शब्दाची मला सगळ्यात चीड आहे, तो सांगते. तो शब्द म्हणजे ‘तसं’. ‘स्थळ चांगलं आहे, पण त्यांच्या घरात तसं आहे म्हणे.’ आवाज खाली, भुवया वर. वेडा म्हटलं तर निदान भांडता येतं. ‘तसं’शी भांडणार कसं? एक मुलगी लग्नाच्या पहिल्याच भेटीत म्हणाली, मला बायपोलर आहे, औषध चालू आहे, नोकरी करते. मुलाकडच्या एक मावशी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘असं बोलू नये गं बाळा.’ आजाराचं नाव घेणं हाच जणू अपशब्द. घरोघरी गोळ्या पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या जातात त्या याच धाकाने. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. डॉक्टर कमी आहेत, गावं लांब आहेत, खर्च आहे, सगळं खरं. पण ज्या आजाराचं घरात नावच घ्यायचं नाही, त्याच्यासाठी ओपीडीच्या रांगेत उभं कोण राहणार? किमान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तरी लिहून ठेवा, फोनवर नाव सांगायचीही सक्ती नसते.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली अशी: ‘घरात कुणाला असा आजार असेल तर सोसायटीत, नातेवाइकांत सांगावं का?’ ज्याला आजार आहे, त्याला विचारा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि डॉक्टरांना तो पाळावाच लागतो. घरच्यांच्या तोंडाला कायदा कुलूप लावू शकत नाही. पण तो ‘नको’ म्हणाला तर नको, आणि ‘सांगा’ म्हणाला तर आजाराचं पूर्ण नाव घेऊन सांगा. पुढची चिठ्ठी घेऊ.